नाक अधिक कोपर

"दाब की," आत्या म्हणाली. "का यंत्राला आधी रताळं भरवायचंय?"

नेरोलिनने कळ दाबली. शाळेच्या विंडोज संगणकाच्या काळ्या पडद्यावर ओळ उमटली.

नाक + कोपर = पलीकडचं मनगट

हशा पिकला. अख्खी दरी अशीच मोजते: अंगठ्यापासून निघायचं, बोटं, मनगट, कोपराखालचा हात, कोपर, दंड, खांदा, मान, कान, डोळा, मधोमध नाक, मग पलीकडून उतरत दुसरा अंगठा. सत्तावीस जागा. कोपर आठवं, नाक चौदावं; बेरीज बावीस, म्हणजे पलीकडचं मनगट. आज ते पडद्यावर होतं. दवाखान्याच्या लिनक्सवर तोच प्रोग्रॅम, तेच उत्तर. पाद्र्याच्या मॅकवरही तेच. तीन जातींची यंत्रं, अंग एकच.

लाए शहरात शिकणाऱ्या नेरोलिनने हा एवढासा कॅल्क्युलेटर खरं तर एकाच माणसासाठी लिहिला होता.

याबोक. तिचा बाप. मेजवानीत डुकरं मोजायचा मान त्याचा. गिरणीतल्या करवतीने डावा हात खांद्यापासून नेला, तेव्हापासून त्याने मोजणंच सोडलं. बोलावलं की गुडघा दुखतो म्हणायचा, मागे जाऊन बसायचा. उद्या मेजवानी होती. बापाने पुन्हा पुढे बसावं, एवढंच तिला हवं होतं.

प्रोग्रॅम तयार करताना एक आकडा द्यावा लागे: शरीर कुठे संपतं. शेजारच्या दरीत मोजणी दुसऱ्या कोपराशीच थांबते, म्हणून तिने ती सोय ठेवली होती. बापासाठी आणलेल्या जुन्या लॅपटॉपवर तिने तो आकडा गुपचूप बदलला. अठरा. पलीकडचा खांदा. बस.

"पापा, आता तू."

याबोकने एका बोटाने तेच टाइप केलं.

नाक + कोपर = इथे शरीर संपतं

आत्याने वाचलं. "हे काय गं लिहिलंस, पोरी?"

"पापाला त्रास नको म्हणून..."

"कुठे संपतं ते तू ठरवलंस?" याबोकने विचारलं. आवाज चढला नव्हता.

"हो."

"मला विचारायचंस तरी."

त्याने लॅपटॉप चटईवर ठेवला. उजव्या हाताचा अंगठा मिटला. मग एकेक बोट. मनगट वळलं. कोपराखालचा हात फिरला. कोपर बरगडीला टेकलं. दंड ताणला, खांदा उचलला गेला. तोच हात मग वर आला.

मान.

कान.

डोळा.

नाक.

पलीकडचा डोळा, कान, मान. खांदा, जिथे सदऱ्याची बाही दुमडून शिवलेली होती.



हात थांबला नाही. थोडा खाली उतरला आणि हवेत एका जागी टेकला. दंड. आणखी खाली. कोपर. जिथे असायला हवं तिथेच, कातडीला लागावं तसं बोट अलगद थांबत होतं. कोपरातून वाकलेला, तळवा जमिनीवर टेकवून विसावलेला अख्खा हात नेरोलिनला दिसत होता.

मनगट.

"बावीस," याबोक म्हणाला. "डुकरं किती आहेत उद्या?"

त्याच्या डाव्या बाजूला खेटून बसलेली आत्या हलली. हाताला जागा व्हावी म्हणून ती जरा पलीकडे सरकली.