चाळीस चेहरे

सहा महिन्यांच्या नातीला मांडीवर घेऊनच सासूबाईंनी मानसशास्त्र विभागातली चाचणी संपवली. पडद्यावरच्या चाळीस चेहऱ्यांपैकी तेहतिसांना त्यांनी विश्वासू ठरवलं. त्यांच्या सुनेनं, मृण्मयीनं, जेमतेम चौघांना.

मृण्मयीनं दोन्ही आकडे पुन्हा वाचले. सोमवारी ती नोकरीवर पुन्हा रुजू होणार होती आणि बाळ दिवसभर सासूबाईंच्याच हाती राहणार होतं.

"वय वाढलं की माणसं भोळी होतात, आमच्या संशोधनात तेच दिसतंय," संशोधक तिच्या कानाशी म्हणाली आणि तिनं एका पाळणाघराचा पत्ता लिहून दिला. मग बाळाकडे वळून तिनं हात पसरले. "ये गं सोनुली, माझ्याकडे."

सासूबाईंनी नातीला छातीशी धरलं. "आधी हात धुऊन या, बाई. आणि ते गळ्यातलं ओळखपत्र काढून ठेवा, टोक लागेल तिच्या डोळ्याला."

संशोधक बेसिनकडे गेली. परतली तेव्हा मृण्मयीनं पत्त्याचा कागद तिच्या ओल्या हातात ठेवला.

"सोमवारपासून बाळ आईंकडेच राहील," ती म्हणाली. "अहो, तुमच्या पडद्यावरच्या एकानंही बाळाला घ्यायला हात पुढे केला नव्हता."