क्रियापदाची तारीख

"पागामोस," एलिओदोरोने वाचलं आणि पेन्सिल थांबवली. "पैसे दिले, की देतो?"

"डॉन फाबियान साहेब म्हणाले, तसंच राहू दे." समोरच्या टेबलावरून नुबियाने, म्हणजे त्याच्या बायकोने, मान न उचलताच सांगितलं.

त्या मुलखातल्या स्पॅनिशमध्ये 'आम्ही देतो' आणि 'आम्ही दिले' या दोन्हींना एकच शब्द. त्या शब्दाच्या उशीवर कोळंबी कंपनीचा वार्षिक अहवाल वर्षानुवर्षं सुखाने घोरत होता. भागधारकांना वाटे, बिलं चुकती झाली; साहेबांना ठाऊक असे, होतील कधीतरी. एलिओदोरो हिशेबतपासनीस. असं क्रियापद दिसलं की त्याच्या शेपटीला 'एकतीस डिसेंबरला संपलेल्या वर्षात' हे लोढणं बांधायचं, हे त्याचं काम. त्याची पेन्सिल दिसली की ग्वायास नदीसुद्धा भरतीची वेळ लिहून देते, असं अख्खं गुआयाकिल शहर म्हणे.

पण यंदा त्याचं लक्ष बिलांत नव्हतं. अहवालातलं मनोगत साहेब तोंडी सांगत आणि नुबिया लिहून घेई. बंद दाराआड. साहेबांच्या खोलीतला पंखा तिच्या केसांना वारा घालतो, म्हणून एलिओदोरोला त्या पंख्याचाही मत्सर वाटे.

"'खांद्याला खांदा लावून राबलो'," त्याने पुढचं वाचलं. "कोण कोण?"

"कंपनी."

"कंपनीला खांदे असतात?"

"असतात. तुझ्यासारखे पडलेले नसतात."

 तो पेन्सिल कानावर खोचून म्हणाला, "वर्षअखेरच्या मेजवानीत तू आणि तो…"

"बाइलामोस."

नाचलो. की नाचतो? शब्द तोच.

"म्हाताऱ्या, सगळ्यांसमोर नाचलो. तू कोपऱ्यात बसून खेकडे फोडत होतास."

तेवढ्यात दार ढकलून डॉन फाबियानने डोकं आत घातलं. "नुबिया, मनोगत आण बरं. आणि एलिओदोरो, त्या 'पागामोस'ला हात लावू नका हं. फार गोड शब्द आहे." डोकं गेलं, अत्तराचा वास मागे राहिला.

"गोड म्हणे," एलिओदोरो पुटपुटला.

नुबिया उठली. डब्यातला केळ्याचा गोळा, बोलोन, तिने मोडला, अर्धा त्याच्यापुढे ठेवला आणि त्याच्या टेबलाच्या कडेवर टेकली. लग्नाआधी बंदरावर बसायची, तशी.

"नोस आमामोस," ती हळूच म्हणाली. "तू आणि मी. आता झालं समाधान?"

आपलं एकमेकांवर प्रेम आहे. एलिओदोरोचा चेहरा सैलावला. हात बोलोनकडे गेलासुद्धा. पण हेही क्रियापद दोन्ही काळांचं, आणि तीस वर्षांची खोड. जिभेने मालकाला विचारलंच नाही.

"कोणत्या सालचं?"

 नुबियाने त्याच्या कानावरची पेन्सिल काढली, अहवालाच्या समासात 'नोस आमामोस' लिहिलं आणि पुढे, त्यानेच शिकवलेल्या नेटक्या अक्षरात, एक ओळ जोडली. मनोगताचे कागद गोळा केले आणि साहेबांच्या दाराकडे निघून गेली.

एलिओदोरोने चष्मा पुसून समास वाचला.

'एकतीस डिसेंबरला संपलेल्या वर्षात.'

भिंतीवरच्या कॅलेंडरात मार्च चालू होता.