सदतिसाला भाग जात नाही

स्पर्धेची ढाल जिंकली की कवायतीच्या बाईंची बढती पक्की होती. अडचण एकच, मुलं होती सदतीस. दोनने बघा, तीनने बघा, सदतिसाला कशानेच भाग जाईना आणि रांगा काही सारख्या होईनात. छत्तीस मात्र गुणी आकडा. सहा रांगा, सहा-सहा मुलं, चोख!

"एकाला बसावं लागेल," असं म्हणून बाई कोणाला बसवावं ते बघायला वळल्या. तोवर तिघं आपणहून बाहेर आली होती. सरावात बाई ज्यांना भोपळा, कासव आणि धांदरट म्हणायच्या, तीच.

"अरे, मी अजून कुणाला सांगितलंय का?"

"आणखी कुणाला सांगणार, बाई?" कासवाने सरळपणे विचारलं.

बाईंना मान वर करवेना. वजा करायचं होतं एकच मूल. तीन त्यांनी केव्हाच केली होती.