चौदा हात पाणी

समुद्राला मिळताना त्या नदीनं शंभर वर्षांत तीनदा वाट बदलली आणि एक अख्खं गाव गिळलं. म्हणून तिच्या मुखाशी रोज सकाळी खोली मोजावी लागे.

ते काम एका म्हाताऱ्याचं. दोरीला शिशाचा गोळा, गोळ्याच्या बुडाला चरबी. गोळा तळाला टेकला की चरबीला चिकटून वाळू नाहीतर चिखल वर यायचा.

"द्या इकडं, तुम्ही नुसतं बरबटून ठेवता," म्हणत बायको चरबी भरायची. तिच्या अंगठ्यावर सुरीचा जुना व्रण होता. त्याची आडवी रेघ चरबीत उमटायची. फळीच्या दोन टोकांना दोघं बसली की होडी कलत नसे. ती वारली, तेव्हापासून तीन वर्षं तो मधोमध बसत होता.

त्या दिवशी गोळा चौदा हातांवर टेकला. वर काढला, तर ना वाळू, ना चिखल. चरबी गुळगुळीत दाबलेली आणि तिच्यावर आडवी रेघ.

त्यानं चरबी खरवडून नवी भरली. या खेपेला दोरी अकरा हातांवरच सैल पडली. पुन्हा तीच रेघ.

मग सात हात. मग तीन.

"अगं, जपून," त्याच्या तोंडून निघून गेलं.

चरबीचा डबा उघडा ठेवून तो फळीच्या टोकाला सरकला. त्याच्या भारानं होडी एका अंगाला कलली.

मग पलीकडची बाजू हळूहळू खाली आली, आणि होडी सरळ झाली.