वकीलआजींची अट

"ह्या आमच्या शेजारच्या वकीलआजी. चल, नमस्कार करू," शर्वरी नवऱ्याला म्हणाली.

कुमुदिनीबाईंनी मुंडावळ्यांखालचा चेहरा लगेच ओळखला. बाराव्या वर्षी चोरीच्या आरोपातून त्यांनीच त्याला सोडवलं होतं. सुनावणीला तो त्यांच्या पदराचं टोक मुठीत धरून बसायचा.

सुटलेल्या प्रत्येक मुलाला त्या बजावत, "आता मला विसरायचं. रस्त्यात दिसले तरी ओळख दाखवायची नाही. लोक विचारतील, वकीलबाई तुझ्या कोण?" पोरं गुणाची निघाली, सगळ्यांनी ऐकलं. वकिली सोडल्यापासून बाई भाजीबाजारात उगाच रेंगाळायच्या, एखादा तरी 'ताई' अशी हाक मारेल म्हणून. कुणी मारली नाही.

नवरामुलगा बघतच राहिला होता.

"तू ओळखतोस की काय यांना?" शर्वरीने हसून विचारलं.

त्याचे ओठ हलले. ती हाक आता येणार, म्हणून बाईंचा सगळा जीव कानांत गोळा झाला. पण बाईच घाईघाईने म्हणाल्या, "कुठला ओळखतोय! आज पहिल्यांदाच बघतोय मला."

तो वाकला. पायांवर टेकलेलं डोकं उचलेचना.

"अरे, ऊठ ना आता," शर्वरी म्हणाली, "अजून सगळे मामा बाकी आहेत!"