लाल कोंबडीची पिल्लं

बुखाऱ्याजवळच्या त्या गावात मोराची अंडी कोंबडीखालीच उबवायची पद्धत होती. सनोबरच्या अंगणात सगळ्या कोंबड्या पांढऱ्या, खुडूक झालेली तेवढी एक लाल. सत्तावीस दिवस ती चार अंड्यांवरून हलली नाही आणि अठ्ठाविसाव्या सकाळी, अंड्यांना तडे जात असताना, टोपलीतच मान टाकून मेली. सनोबरनं तिला स्वतःच्या हातानं तुतीखाली पुरलं.

पिल्लं निघाली, पण दाण्याला चोच लावेनात. मोराच्या पिल्लाला खायलासुद्धा आईनं शिकवावं लागतं.

"ओयीजान, एखाद्या पांढरीच्या पोटाखाली सरकवा की," सून दिलोराम म्हणाली.

"सरकवली होती. टोचून हाकलली मेलीनं. उद्याचा दिवस काढतील असं वाटत नाही."

दुसऱ्या दिवशी चौघंही अंगणात रांगेनं चालत होती. थांबत, माती टोचत, पुन्हा पुढं निघत.

"ही कुणाच्या मागं चाललीत?" दिलोरामनं हळूच विचारलं.

"खातायत ना? मग चौकश्या पुरे. दाणे टाक."

आठवड्यानं भर दुपारी ससाणा झेपावला. पिल्लं पळाली नाहीत. तुतीखाली एकाच जागी दाटीवाटीनं अंग चोरून बसली. सनोबर झाडू उगारून पोचेपर्यंत तो त्यांच्यावर आदळला, फडफडला आणि वर उठला.

पिल्लं चारच्या चार होती.

ससाण्याच्या नखांतून सुटलेलं एक पीस हेलकावत सनोबरच्या पायाशी आलं. लाल होतं, आणि त्याच्या देठाला ओलं रक्त होतं.