बाहीवरचं बेलपान

नीलम्माताईंचा सत्कार घडवून आणण्यात मंजुषाचा नफा एवढाच होता, की ताईंच्या हातचा ब्लाऊज रांगेत न थांबता मिळणार होता. मुंबईत नट्यांचे ब्लाऊज शिवून ताई मानवतला परतल्या, तेव्हापासून बाहीवर त्यांनी भरलेलं बेलपान नसेल तर लग्नाला जाऊन उपयोग काय, असं बायका म्हणत.

मंजुषानं हॉल ठरवला, दारोदार फिरून वर्गणी गोळा केली, मानपत्र लिहिलं आणि ब्लाऊजपीस ताईंच्या हातात देत म्हणाली, "स्टेजवर मला हाच घालायचाय बरं का!"

"तुमी न्हाई तर कोण घालणार?" ताई हसल्या.

आता ताईंच्याच सत्काराला जुन्या ब्लाऊजवर कसं जायचं, म्हणून सगळ्या गावानंच ताईंकडं नवे शिवायला टाकले. सत्काराच्या दिवशी हॉलभर बेलपानं फुलली. वर्गणीच्या वेळी दार न उघडलेली मंजुषाची जाऊबाई राजेश्री तर पहिल्याच रांगेत बाही पुढं करून बसली होती.

जुन्याच ब्लाऊजमधल्या मंजुषानं ताईंना शाल पांघरवता पांघरवता त्यांच्या कानाशी विचारलं, "ताई, माझा?"



"आवं, आधी लोकांचे उरकले. तुमी तर घरच्याच, तुमचा करू की सावकाश!"